मेंदूतून काढलेली गुठळी लॅबमध्ये ठेवून घेतात, ती कशासाठी?

मुलुंडची_मेघा:
माझ्या सासऱ्यांना (वय ७१) स्ट्रोक आला. जांघेतून नळी घालून डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी काढली. आता उजवा हात हलतोय, बोलणं अजून अडखळतं. काल एका संमतीपत्रावर सही मागितली: गुठळी संशोधनासाठी ठेवायची आहे म्हणे. दीर म्हणतात, सही कर, त्यावरून कळेल ती हृदयातून आली की मानेतून. खरंच कळतं?

स्लाइडवाला_परळ:
मेघाताई, परळला हिस्टोपॅथॉलॉजीत (शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे) टेक्निशियन आहे, असे नमुने माझ्या हातून जातात. दीरांना सांगा, तेवढी आशा नको. मोठा तुकडा म्हणजे काय, तर बासमतीचा दाणा, तोही बऱ्याचदा तुटलेला. फॉर्मॅलिनमधून काढून पॅराफिन मेणाचा ठोकळा करायचा, मग मायक्रोटोमवर, म्हणजे अतिपातळ चकत्या कापणाऱ्या यंत्रावर, काप. इतका छोटा नमुना ठोकळ्यात आडवा बसला नाही तर जीव वर येतो, कारण दुसरा मिळणार नसतो.

नेहमीच्या एच अँड ई रंगात तांबड्या पेशी आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिनाचे धागे) दोन्ही गुलाबी-लाल घराण्यातले. एमएसबी नावाचा दुसरा रंग दिला की तांबड्या पेशी पिवळ्या, फायब्रिन लाल. तेव्हा दिसतं की सगळ्या गुठळ्या सारख्या नसतात. तांबड्या पेशींनी भरलेली मऊ असते, सीटीवर पांढरी चमकते, औषधाने तुलनेने बरी विरघळते. फायब्रिन आणि प्लेटलेट्सची चिवट. ती ओढताना डॉक्टरांना पुन्हा पुन्हा नळी फिरवावी लागते.

हृदय की मान, हे नुसत्या स्लाइडवरून ठामपणे सांगता येत नाही. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी २५ रुग्णांच्या गुठळ्या तपासल्या, तेव्हाही दोन्हीकडच्या बऱ्याचशा सारख्याच दिसल्या होत्या. त्यानंतरचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. उगम शोधायला इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), मानेचा डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी). ते झालेत का, हे आधी विचारा.

ठाणेकर_७२:
मग रुग्णाला काय फायदा? उद्या कंपन्या औषधं काढणार आणि आपल्यालाच विकणार.

स्लाइडवाला_परळ:
काका, विकतीलही. पण विरघळवायचं औषध, टीपीए, फायब्रिन तोडतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मात्र आपल्या डीएनएचे धागे गुठळीत सोडतात, त्यावर टीपीएचं काही चालत नाही. काढलेल्या गुठळ्यांवर प्रयोगशाळेत टीपीएसोबत डीएनए कापणारं एन्झाइम घातलं, तर त्या लवकर विरघळल्या. हे माणसाच्या बाहेर काढलेल्या गुठळ्यांवरच करून बघता आलं. २०१५ च्या मोठ्या चाचण्यांनंतर नळीने गुठळी काढणं रूढ झालं, म्हणून एवढे नमुने तरी मिळू लागले. आधी बहुतेक शवविच्छेदनातच दिसायच्या.

आणि क्वचित का होईना, रुग्णालाही उपयोग होतो. गुठळीत जंतू दिसले तर हृदयाच्या झडपेचा संसर्ग पकडला जातो, कधी हृदयातल्या मिक्सोमाच्या गाठीचा तुकडा निघतो. ती बातमी वॉर्डात पोचायला हवी.

मुलुंडची_मेघा:
होल्टर झालेलाच नाही! आज राऊंडला विचारते. सही नाही केली तर उपचारात काही कमी करतील का?

स्लाइडवाला_परळ:
नाही, तो तुमचा हक्क आहे. सही केलीत तर एक विचारून घ्या: पॅथॉलॉजीचा नेहमीचा रिपोर्ट फाइलला लागणार ना, की नमुना थेट संशोधनाच्या फ्रिजरमध्ये जाणार? रिपोर्ट हवा म्हणून स्पष्ट सांगा.