लव्ह इज ब्लाइंडचा नववा सीझन: शून्य लग्नं म्हणजे म्हणे प्रामाणिकपणा!

अवनी_ठाणे
लव्ह इज ब्लाइंड हा नेटफ्लिक्सचा शो: चेहरा न बघता नुसतं बोलून साखरपुडा करायचा, मग चेहरा बघायचा, जोडीनं सहलीला जायचं आणि शेवटी मांडवात हो की नाही ते सांगायचं. काल 'पेठेतला पाहुणा' यांनी लिहिलं की त्याचा हा नववा, डेन्व्हरचा सीझन आजवरचा सगळ्यात खरा, कारण एकाही जोडीनं उगाच 'आय डू' म्हटलं नाही. वर टोमणा, "ज्यांना शेवटी अक्षताच हव्यात त्यांनी डेली सोप बघाव्यात." त्याला तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी हा शो २०२० पासून, लॉरेन-कॅमेरॉन या जोडीच्या पहिल्या सीझनपासून बघतेय. नकाराचं मला वावडं नाही. दुसऱ्या सीझनमध्ये दीप्तीनं ऐन लग्नात शेकला नाही म्हटलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. तो पठ्ठ्या पॉडमध्ये, म्हणजे समोरची व्यक्ती दिसत नाही त्या खोलीत, मुलींना विचारत होता, म्युझिक फेस्टिव्हलला तुला खांद्यावर घेतलं तर जड जाशील का! म्हणजे तो नकार कुठून आला हे आपण पहिल्या भागापासून बघत होतो.

आणि या नवव्या सीझनमध्ये काय? एकीनं साखरपुडा केला, चेहरा बघितला, आणि मेक्सिकोला जायच्या आत मोडून मोकळी. धड कारण कळलंच नाही. मेगन-जॉर्डनचा विषय तर सोन्यासारखा होता. ती पैसेवाली, तो एकटा बाप, मुलाला टाइप वन मधुमेह. यावर दोघं शांतपणे बसून बोलतायत असं कितीसं दिसलं? दोनच जोड्या मांडवापर्यंत पोचल्या, दोन्ही फिसकटल्या. नकारापर्यंतचा रस्ताच कापून टाकलात, मग मी ऑक्टोबरभर काय बघितलं, सगळे ज्यातून पितात ते सोनेरी पेले?

पेठेतला_पाहुणा
माझं नाव घेऊन धागा काढलात, धन्य झालो.
चौथ्या सीझनला तीन लग्नं झाली तेव्हा हेच लोक "सगळं ठरवून केलेलं" म्हणत होते. आता झाली नाहीत तर "कारण कळलं नाही." बाई, खऱ्या आयुष्यात तरी कुठे कळतं? मला चार स्थळांकडून नकार आले, चारही वेळा 'पत्रिका जुळत नाही'. एका ठिकाणी तर आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

मिनेसोटाकर
दोघांचंही अर्धवट. आमच्या मिनीॲपोलिसच्या सीझनमध्ये सारानं बेनला नकार दिला, कारण ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर काय, चर्चची समलिंगींबद्दलची भूमिका काय, त्याला कशावर मतच नव्हतं. पटो न पटो, कारण समोर होतं. तेव्हा अवनीताईंचा मुद्दा बरोबर.
पण निर्मात्यांकडून 'खरं' काही मिळेल ही अपेक्षाच भाबडी आहे. दुसऱ्या सीझनच्या एका स्पर्धकानं त्यांच्यावर दावा लावला होता: जेवण अपुरं, झोप नाही, दारू मात्र हवी तेवढी. प्रकरण १४ लाख डॉलरवर मिटलं. आणि ते पेले अपारदर्शक का? कुठलाही प्रसंग कुठेही जोडा, पेयाची पातळी दिसतच नाही.

सुमनमावशी_सातारा
मला एक सांगा, तिथे नवरी ऐनवेळी नाही म्हणते तेव्हा हॉलचे पैसे कोण भरतं?

मिनेसोटाकर
मावशी, मुख्य खर्च निर्मातेच करतात.

सुमनमावशी_सातारा
नशीबवान आहेत मेले. माझ्या भाच्याचं लग्न आठ दिवसांवर असताना मोडलं. मुलीकडून फोन आला तेव्हा घरात केळवण चालू होतं, पानात बासुंदी वाढलेली. त्याचं दुःख आम्ही गिळलं. पण मंगल कार्यालयवाला! डिपॉझिट तर ठेवलंच, वर म्हणे तीनशे जेवणाच्या पानांचा करार आहे, अर्धे पैसे टाका. न शिजलेल्या पानांचे पैसे!

कपबशी
+१. माझ्या बहिणीच्या वेळीही हेच. सजावटवाल्यानं तर न आणलेल्या झेंडूचं बिल लावलं.

शेंगदाणा_चटणी
माझ्या काकांचं कार्यालय आहे म्हणून बोलतो. मुहूर्त वर्षात मोजके. मेमधली तारीख तुम्ही आठ महिने अडवता, आम्ही दहा जणांना परत पाठवतो, आणि आठ दिवस आधी "मोडलं हो." आचाऱ्याला आगाऊ पैसे दिलेले, किराणा भरलेला. आम्ही काय धर्मशाळा उघडली आहे?

सुमनमावशी_सातारा
किराणा खराब होतो होय रे? पुढच्या लग्नाला तीच तूरडाळ शिजवता ना? डिपॉझिट ठेवा, हरकत नाही. पानांचे कसले मागता?

शेंगदाणा_चटणी
करारावर सही करताना चष्मा घरी विसरला होतात का?

अवनी_ठाणे
मावशींशी नीट बोला. आणि धागा लव्ह इज ब्लाइंडचा आहे!

कपबशी
कसला लव्ह इज ब्लाइंड घेऊन बसलीस. इथे पावती न देणाऱ्या कार्यालयांवर बोलायची गरज आहे. निम्मे पैसे रोख मागतात, मग मोडल्यावर 'तुम्ही एवढेच दिले होते' म्हणून हात वर.

शेंगदाणा_चटणी
आमचे काका पावती देतात. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

पेठेतला_पाहुणा
बघा अवनीताई, इथे मोडलेल्या लग्नाचं कारण कुणी विचारलं तरी का? मावशींनाही कारणापेक्षा बिल जास्त लक्षात आहे.

सुमनमावशी_सातारा
कारण मला ठाऊक आहे. पोरीला पुण्यात नोकरी सोडायची नव्हती, आणि आमचा शहाणा म्हणत होता लग्नानंतर बघू. सहा महिने हेच चाललं होतं, सगळ्यांना दिसत होतं. कारण नसतं असं म्हणू नकोस.

अवनी_ठाणे
हेच! हेच मला त्या शोमध्ये हवं होतं. मावशींनी चार ओळींत सांगितलं ते त्यांना अख्ख्या सीझनमध्ये जमलं नाही.

पेठेतला_पाहुणा
बरं बाई, संकलन गंडलंय, मान्य. खूश? पण खोटी लग्नं आणि मग वर्षात घटस्फोट, त्यापेक्षा हे बरं, यावरून मी हटणार नाही.

मिनेसोटाकर
खोटी? पहिल्या सीझनमध्ये लग्न झालेल्या दोन्ही जोड्या अजून एकत्र आहेत.

पेठेतला_पाहुणा
पहिला सीझन सोडून बोला.

अवनी_ठाणे
वा! म्हणजे तुमच्या मुद्द्याला अडचणीचं ते सगळं सोडून बोलायचं.

सुमनमावशी_सातारा
चटणी, तुझ्या काकांचं कार्यालय कुठेशी आहे? धाकट्या भाच्याचं बघतोय. पानांची अट काढणार असलास तर सांग.

शेंगदाणा_चटणी
व्यनि (खासगी निरोप) करतो. दोनशेच्या खाली नाही जमणार.