चार रूट कॅनाल, दोन इम्प्लांट, खिसा एकच

प्रश्न: चार रूट कॅनाल, चार कॅप, दोन इम्प्लांट (हाडात रोवायचे कृत्रिम दात). दहा वर्षं दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीला घाबरून टाळलं, त्याचं हे व्याज. आकडा ऐकून दाढेऐवजी छातीत कळ आली. सगळं एकदम करावंच लागतं का?

उत्तर: नाही. आधी पू आणि ठणका. इम्प्लांट थांबू शकतो. तसाही तो हाडात रुजायला साधारण ३ ते ६ महिने जातात. पण रूट कॅनालनंतर दाढेची कॅप लांबवू नका. मी लांबवली, दाढ उभी चिरली, काढावीच लागली.

उत्तर: दंत महाविद्यालयात विचारा. विद्यार्थी करतात, शिक्षक तपासतात. वेळ खातं, पण स्वस्त पडतं.

प्रश्नकर्ता: बाप रे, मी कॅपच गाळणार होतो! उद्या दातवार खर्च लिहून मागतो. आणि भीती?

उत्तर: हात वर केला की थांबायचं, हे डॉक्टरांशी आधीच ठरवा.