टोल्याचा इतिहास कोणत्या कागदात सापडेल? (गोंदिया जिल्हा)

टोलीवाला:
आमचा टोला (मूळ गावापासून वेगळी छोटी वस्ती) सडक अर्जुनी तालुक्यात, साठेक घरांचा. ग्रामपंचायत गट, म्हणजे काही गावं मिळून एकच, तीही दुसऱ्या गावाच्या नावानं. जनगणनेच्या यादीत टोल्याचं नावच नाही. शाळेच्या भिंतीवर गावाची माहिती लिहायची आहे. वस्ती कधी बसली, कोणी बसवली, हे कुठं बघावं?

जुना खसरा:
भाऊ, टोल्याच्या नावानं मागाल तर "अभिलेख आढळत नाही" एवढंच लिहून मिळेल. यादी महसुली गावांची असते. टोल्याची माणसं मूळ मौज्यात, म्हणजे महसुली गावात, मोजली जातात. आधी टोल्यालगतच्या शेतांचे सातबारे काढा, मौजा आणि प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) टिपा. कधी लगतचा मौजा रिठी निघतो, म्हणजे कागदावर गाव, वस्ती शून्य. तसं असेल तर टोला त्याच उजाड गावाच्या पांढरीवर (जुन्या गावठाणाच्या जागेवर) पुन्हा बसला का, ते नकाशावर तपासा.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा: बंदोबस्ताची मिसल (इंग्रजांच्या काळात जमीन मोजून सारा ठरवला, त्याची फाइल), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद), निस्तार पत्रक (चराई-सरपणाच्या हक्कांची नोंद), 1954-55चं अधिकार अभिलेख. अर्ज बहुतेक इथंच फसतो, कारण लोक आजचा गट नंबर टाकतात आणि जुनी कागदं जुन्या खसरा नंबरावर (शेताच्या जुन्या क्रमांकावर) लावलेली असतात. आधी भूमी अभिलेखातून नंबरांचा मेळ घालून घ्या. तहसीलला नाही मिळालं तर भंडाऱ्याला विचारा. 1999 पर्यंत जिल्हा तोच होता.

वाजिब-उल-अर्ज सोडू नका. गुरं कुठं चरायची, सरपण कुठून आणायचं, तलावाचं पाणी कोणाला, हे सारं त्यात सापडतं. गावाचा स्वभाव कळायला याहून चांगला कागद नाही.

वणीकर:
वऱ्हाडातल्या वाचकांनी वरची यादी जशीच्या तशी घेऊ नये. आमच्याकडं रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून; तुमच्यासारखा गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार नव्हताच. गावाच्या नावामागं 'इजारा' असेल तर पडीत जमीन इजाऱ्यानं देऊन गाव वसवल्याचा धागा धरा. कोलाम आदिवासींच्या पोडांचं (वस्त्यांचं) दुखणं मात्र टोल्यासारखंच: नाव मूळ गावाच्या पोटात.

पाळीवरचा:
टोल्याला तलाव आहे का? असेल तर तो कोणी बांधला ते आधी शोधा, वस्तीचा पत्ता बहुतेक तिथंच लागतो. तुमच्या भागात बरेच तलाव कोहळ्यांनी बांधलेले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून 'मामा', म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. पाळ (तलावाचा बांध), तुडूम (पाणी सोडायची मोरी), पाट यांची देखरेख कोणाकडं होती, हे म्हाताऱ्यांना विचारा. "वस्ती किती जुनी?" असं विचारलं की सगळे "शंभर-दोनशे वर्षं" म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. "बहात्तरच्या दुष्काळात किती घरं होती? मालगुजारी गेली तेव्हा विहीर होती का?" असं विचारा. एकेकट्याला नको, तिघाचौघांना सोबत बसवा. एक चुकला की दुसरा टोकतो.

मूळ गावच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही चाळा. राहण्याच्या ठिकाणी टोल्याचं नाव पहिल्यांदा कोणत्या साली आलं, ते लिहून घ्या. पण त्याला स्थापनेचं साल म्हणून भिंतीवर चढवू नका. त्या सालापर्यंत वस्ती बसलेली होती, एवढंच त्यातून ठरतं.

टोलीवाला:
तलाव आहे जी. पाळीवर मातामायचं ठाणं आहे. सोमवारी सातबारे काढतो.