विषय: जुनी जॅझ की यारिस? एमओटीच्या टक्केवारीवर किती विसंबावे?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

या यादीवर मी प्रथमच लिहीत आहे. आम्ही दहा-बारा वर्षे वापरलेली लहान पेट्रोल गाडी घेणार आहोत आणि निवड होंडा जॅझ व टोयोटा यारिस या दोन गाड्यांवर येऊन ठेपली आहे. कोणते मॉडेल ब्रिटनमधील वार्षिक एमओटी चाचणीत (गाडी रस्त्यावर चालवण्याइतकी सुरक्षित आहे का, हे पाहणाऱ्या सक्तीच्या तपासणीत) पहिल्याच खेपेस किती प्रमाणात पास होते, याचे आकडे मी पाहिले आणि ज्याची टक्केवारी जास्त तीच गाडी घ्यावी, असे माझे मत झाले. घरात मात्र त्यावर एकमत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र,
मंडळाची एक नवी सभासद

———

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षे एमओटी टेस्टर म्हणून काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपण पाहिलेल्या आकड्यांचा मूळ आधार पक्का आहे. चाचण्यांची माहिती डीव्हीएसए ही सरकारी संस्थाच खुली करते आणि तीत मॉडेल, इंधन, पहिल्या नोंदणीची तारीख, मैल आणि निकाल असे सगळे असते. प्रश्न आहे तो त्यातून काय समजावे याचा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरली की गाडी नापास होते, ब्रेकचा दिवा लागला नाही तरी नापास होते, आणि यांपैकी कशाचाही दोष ती गाडी बनवणाऱ्याकडे जात नाही. नापासांच्या कारणांत दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर हीच नेहमी वर असतात. त्यांतले सस्पेन्शन काही अंशी घडणीवर आणि खड्ड्यांवर अवलंबून असते, पण बाकीचे बहुतेक मालकाच्या लक्ष देण्यावर. त्यामुळे कमी मैल चालवणारे आणि सर्व्हिसिंग न चुकवणारे लोक ज्या मॉडेलकडे वळतात, त्याची टक्केवारी आपसूक चढते. जॅझ या देशात निवृत्त मंडळींची लाडकी म्हणून ओळखली जाते, हे तिचे आकडे वाचताना विसरू नये.

शिवाय मोजण्याची रीतही पाहावी लागते. दिवा गेलेली गाडी आमच्याकडे आली आणि तासाभरात तिथेच नवा बल्ब बसवला, तर ती दुरुस्तीनंतर पास झाल्याची वेगळी नोंद होते. ही गाडी एका तक्त्यात पास दिसेल आणि दुसऱ्यात नापास. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे, की मॉडेलपेक्षा समोरच्या गाडीचा इतिहास वाचावा. सरकारी संकेतस्थळावर केवळ नंबर प्लेट टाकली की तो विनामूल्य दिसतो. पहिली चाचणी तिसऱ्या वर्षी होत असल्यामुळे दहा वर्षांच्या गाडीच्या नावावर सात-आठ निकाल सहज सापडतात. तिथे पास-नापास हा शब्द सोडून द्यावा आणि खालच्या ॲडव्हायजरी, म्हणजे नापास न करता दिलेल्या सावधगिरीच्या सूचना, वाचाव्यात, त्याही जुन्यापासून नव्याकडे. ‘टायर मर्यादेच्या जवळ’ हे वाक्य दरवर्षी येत असेल, तर मालक अगदी शेवटच्या क्षणापर्यंत खर्च टाळणारा आहे, आणि त्याने इंजिनचे तेल वेळेवर बदलले असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. ब्रेक पाइपवरचा गंज एका वर्षी ‘किंचित’ आणि पुढच्या वर्षी अधिक लिहिलेला असेल, तर हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने आपले काम सुरू केले आहे; अशा वेळी सबफ्रेम (सस्पेन्शन पेलणारा खालचा सांगाडा) आणि सिल (दारांखालचा पत्र्याचा भाग) खालून जरूर पाहावेत. याउलट ‘बालआसनामुळे पट्टा पूर्ण तपासता आला नाही’ किंवा ‘खालच्या आच्छादनामुळे काही भाग दिसला नाही’ या नोंदींनी घाबरू नये. टेस्टरला कोणताही भाग सुटा करून पाहण्याची मुभा नसते, म्हणून तो तसे लिहून ठेवतो.

चाचण्यांमधला २०२० मधला खंड मात्र संशयास्पद मानू नका. ३० मार्चपासून जुलैअखेरपर्यंत मुदत संपणाऱ्या गाड्यांना त्या वर्षी सहा महिन्यांची सवलत मिळाली होती.

आपला,
एक निवृत्त टेस्टर

———

सप्रेम नमस्कार.

काकांच्या पत्राला माझ्या अनुभवाची जोड देते. ‘पूर्ण बारा महिन्यांची एमओटी’ एवढ्या एका ओळीवर आम्ही गाडी घेतली होती. सगळे निकाल स्वच्छ होते. दोन महिन्यांत क्लच गेला, आणि तेव्हा कुठे आम्हाला कळले की क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिनची आतली स्थिती या चाचणीत तपासलीच जात नाही.

तरीही टक्केवारी अगदीच बाजूला सारावी, असे मला वाटत नाही. एकाच वयाच्या, एकाच इंधनाच्या आणि साधारण तितक्याच मैलांच्या गाड्या शेजारी ठेवल्या आणि तरीही एका मॉडेलमध्ये सस्पेन्शनची तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, तर ती मालकांवर ढकलता येणार नाही.

आपली,
एक सभासद

———

ताई, आपले म्हणणे मला मान्य आहे. एकूण टक्केवारी न पाहता नापासाचे कारण पाहिले, तर मॉडेलबद्दल खरोखरच काही कळते.

– निवृत्त टेस्टर

———

काका आणि ताई, दोघांचे मनापासून आभार.

आम्ही पाहत असलेल्या २०१३ च्या जॅझचा इतिहास काल रात्री शेवटपर्यंत वाचला. दरवर्षी जूनमध्ये होणारी चाचणी २०२० मध्ये थेट डिसेंबरात झालेली दिसली आणि काकांमुळे त्याचा उलगडा झाला. मैल क्रमाने वाढत गेले आहेत. एकच गोष्ट खटकते. सलग दोन वर्षे मागच्या ब्रेक पाइपवर गंज असल्याची नोंद आहे आणि गेल्या वर्षी ती अचानक नाहीशी झाली आहे. पाइप बदलले असतील तर उत्तमच, पण गंज केवळ टेस्टरच्या नजरेतून सुटलाही असू शकेल. चाचणी कोणत्या केंद्रात झाली हे पाहायला लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) अकरा अंकी क्रमांक लागतो. तो आणि पाइप बदलल्याचे बिल असे दोन्ही विक्रेत्याकडे मागितले आहे. शनिवारपर्यंत बिल आले नाही, तर गाडी रॅम्पवर चढवून पाहू द्यावी अशी अट घालणार आहोत, आणि त्यालाही नकार मिळाला तर यारिस पाहायला जाऊ.

आपली नम्र,
नवी सभासद