आधी फोन बदलू की आधी कंपनी? की दोन्ही एकदमच?

देवरुखवाला
माझा फोन २०२१ चा आहे, ४जी. बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकते. मी पुण्यात नोकरी करतो पण महिन्यातले सात-आठ दिवस गावी देवरुखजवळच्या वाडीतून काम करतो, आईबाबा तिथेच असतात. घरात रेंज शून्य, कॉल करायचा तर अंगणातल्या आंब्याखाली जायचं. गेल्या महिन्यात रात्री बाबांना चक्कर आली, पाऊस चालू होता आणि मी छत्री घेऊन आंब्याखाली उभा राहून डॉक्टरांना फोन लावत होतो, तेव्हाच ठरवलं की आता बास, वीसेक हजाराचा ५जी फोन घ्यायचा आणि नंबरही पोर्ट करायचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची (सध्याची कुठली ते राहू दे). बायको म्हणते दोन्ही एकदम बदलू नकोस. तुमचं काय मत?

जुनंच_बरं
वहिनी बरोबर बोलतायत. फोन चालतोय ना? मग बॅटरी बदला, मी गेल्या वर्षी चौदाशे रुपयांत बदलून घेतली आणि फोन अजून दिवसभर चालतो. दोष कंपनीचा आहे, फोनचा नाही. एसएमएसमध्ये पोर्ट लिहून स्पेस देऊन नंबर टाका आणि १९०० ला पाठवा, कोड येतो तो चार दिवस चालतो, तेवढ्यात दुकानात जाऊन नवीन सिम घ्या. वीस हजार कशाला घालवताय?

टॉवरखाली
नाही पटलं. फोनचा दोष नाही हे इतक्या खात्रीने कसं सांगता? ५जी चं खेडेगावात खरं काम ७०० मेगाहर्ट्झचा बँड (लहरींचा पट्टा) करतो, एन २८ म्हणतात त्याला, कमी फ्रिक्वेन्सी असल्यामुळे लांब पोचतो आणि भिंतीतूनही आत येतो. २०२२ च्या स्पेक्ट्रम म्हणजे लहरींच्या लिलावात तो फक्त जिओने घेतला. म्हणजे यांनी जिओत पोर्ट केलं तरी या ४जी फोनला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि नवीन फोन घेतानाही नुसतं ५जी लिहिलंय म्हणून घेऊ नका, बँडच्या यादीत एन २८ आणि एन ७८ (५जी चा दुसरा मुख्य बँड) दोन्ही आहेत का ते बघा. माझ्या मते आधी फोनच.

जुनंच_बरं
अहो पण कॉल लागायला ५जी कशाला लागतं? यांची अडचण कॉलची आहे, डाउनलोडची नाही. ४जी नीट असलं तरी पुरे. शिवाय अनलिमिटेड ५जी बहुतेक वेळा मोठ्या प्लॅनवरच मिळतं, म्हणजे फोनचा हप्ता वेगळा आणि रिचार्ज महागडा वेगळा. २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात तेरा वेळा भरावं लागतं हे लोक हिशोबातच धरत नाहीत.

रत्नांग्रीकर
दोघेही पुण्यात बसून बोलताय का? कोकणात एका वाडीत जे चालतं ते पलीकडच्या वाडीत चालत नाही, मधे डोंगर आला की संपलं. आमच्याकडे २०२४ च्या जुलैत खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर निम्मी आळी बीएसएनएलकडे गेली, त्यातले काही खूश आहेत आणि काही सहा महिन्यांत परत आले, सगळे एकाच गावातले. म्हणून विचारत बसू नका, करून बघा. घरी पाहुणे आले की त्यांचं दुसऱ्या कंपनीचं सिम तुमच्या फोनमध्ये टाका आणि माजघरात उभे राहा. मग तुमचं सिम त्यांच्या नव्या फोनमध्ये टाकून त्याच जागी बघा. दोष कोणाचा ते पाच मिनिटांत कळेल.

वायफायवाली
मला तर यातलं काहीच नको वाटतं. वाडीत फायबर आलं असेल तर ते घ्या आणि वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल) चालू करा, फोनला ती सोय आहे का बघून. माझ्या सासूबाई असंच बोलतात, आवाज स्वच्छ येतो.

देवरुखवाला
फायबर आहे, त्यावरच तर ऑफिसचं काम चालतं. पण पावसात लाईट गेली की राऊटर बंद आणि आमच्याकडे लाईट जाते ती चार-चार तास. बाबांना चक्कर आली त्या रात्री पण लाईट नव्हतीच. वेळेला फोन लागायला हवा, बाकी काही नाही.

टॉवरखाली
लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी पण उतरते हं. पोर्ट केलं की सगळं सुटेल असं समजू नका. तुमच्या फोनमध्ये दोन सिम बसतात ना? मग पोर्ट न करता दुसऱ्या कंपनीचं दुसरं सिम ठेवा.

जुनंच_बरं
दोन सिम म्हणजे दोन रिचार्ज. परत तेच.

देवरुखवाला
रत्नांग्रीकर, तुम्ही सांगितलं तसं काल केलं. मेव्हणा आला होता. त्याचं सिम माझ्या जुन्या फोनमध्ये टाकलं तर माजघरात दोन काड्या, देवघरापाशी एक, कॉल लागला आणि तुटला नाही. माझं सिम त्याच्या नव्या फोनमध्ये, काहीच नाही. म्हणजे माझ्या घरापुरतं तरी उत्तर मिळालं. पोर्ट करतोय, पण आत्ताचं रिचार्ज संपायला बारा दिवस आहेत आणि उरलेले दिवस नव्या कंपनीत मिळत नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात. बॅटरी पुण्यात गेलो की बदलतो.

टॉवरखाली
करा, पण सिम बदललं की यूपीआयची नोंदणी परत करावी लागेल. नवीन सिम चालू व्हायच्या दिवशी खिशात रोख पैसे ठेवा, आणि तो दिवस गावी असतानाचा निवडू नका. फोनबद्दल मात्र माझं मत तेच आहे, वर्षभरात घ्यावाच लागेल.

देवरुखवाला
वर्षभराने बघू. आई आत्ताच विचारतेय की आता स्वयंपाकघरातून बोलता येईल का.