लोरेटा लिनचं 'द पिल' ऐकाच

अमेरिकेतलं कंट्री संगीत म्हणजे नुसती नवरा सोडून गेल्याची रडगाणी असं ज्यांना वाटतं, त्यांनी कंट्री गायिका लोरेटा लिनचं 'द पिल' ऐकाच प्लीज. १९७२ ला रेकॉर्ड झालेलं सिंगल, बाहेर आलं थेट १९७५ मध्ये. विषय गर्भनिरोधक गोळी, आणि गाणारी कोण तर केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न झालेली, सहा पोरांची आई! कितीतरी रेडिओ स्टेशन्सनी लावायला नकार दिला तरी कंट्री चार्टवर पाचव्या नंबरपर्यंत गेलंच. मला त्यातली खुराड्याची भाषा फार आवडते, नवऱ्याला ठणकावून सांगते की हे अंडी उबवायचं मशीन आता बंद, आणि चाल इतकी हसरी की पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्षच जात नाही.