मदत हवी आहे : सीना नदीचा पूर, तीर्थपर्यटन आणि ड्रोनवरचं नेटवर्क एकाच प्रोजेक्टमध्ये बसेल का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, पर्यटन व्यवस्थापनात एमबीए करतेय. धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही दोघांनी मिळून एक विषय काढलाय आणि दोघांचेही गाईड नाक मुरडतायत.

संकटानंतर तीर्थक्षेत्री लोक परत कसे येतात, हा माझा भाग. २०२० आणि २०२१ ला पालख्या एसटीने पंढरपुरात आल्या, २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. वारकऱ्याला जाहिरात लागत नाही. पण गाडी करून अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर उरकणाऱ्या कुटुंबाचं तसं नसतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरात माढा-मोहोळकडची गावं बुडाली, तेव्हा बाहेरच्यांनी अख्खा जिल्हाच पाण्यात धरला असणार, असा माझा अंदाज. रस्ता चालू आहे, दर्शन चालू आहे, हे लॉजवाल्याने सांगायचं तर आधी त्याच्या फोनला रेंज हवी! इथे भावाचं ड्रोनवरचं बेस स्टेशन, म्हणजे हवेतला तात्पुरता मोबाइल टॉवर, येतं. त्याने मात्र केस म्हणून आषाढीची गर्दी घेतलीय. (माझ्या गाईडना ड्रोन म्हटलं की देवळाचे व्हिडिओच आठवतात.)

केस बरोबर आहे का? ड्रोन खरंच उडवावा लागेल का? आणि पर्यटन सावरलं हे मोजायचं कशावरून?

रेंजगुल : ताई, भावाला सांगा आषाढी सोडा, पूर धरा. पंढरपुरात टॉवर आहेतच, एकादशीला त्यांच्यावर माणसं जास्त होतात. तिथे एका ड्रोनने काय होणार? पुरात वीज जाते, फायबर तुटते, टॉवरच बंद पडतो. तिथे ड्रोनचा उपयोग आहे. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत एटी अँड टीने केबलला बांधलेला ड्रोन वापरला होता, सुमारे २०० फुटांवर. वीज जमिनीवरून मिळते म्हणून तो टिकतो. साधा बॅटरीवरचा मल्टिरोटर (अनेक पंख्यांचा ड्रोन) अर्ध्या तासात खाली येतो.

उडवायची गरज नाही, सिम्युलेशन (कॉम्प्युटरवरची नक्कल) पुरे. मोबाइलचा स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) परवान्याचा असतो, तो तुम्हाला हवेत सोडता येणार नाही. शिवाय होटगी रोडचा विमानतळ चालू आहे, त्यामुळे शहरात उडवायचं तर आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा बघावा लागेल. ड्रोन किती उंचीवर ठेवायचा यासाठी अल-हुरानी आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं मॉडेल घ्या. ड्रोन खाली असला तर घरं-झाडं आड येतात, फार वर नेला तर अंतरामुळे सिग्नल पडतो, मधली उंची काढायची. आणि ड्रोनला मागून इंटरनेट कुठून देणार, हे आधी लिहा. परीक्षक तिथेच धरतात.

बाळीवेस : मोजणीचं मी सांगतो. महिन्यावारी आकडे लावाल तर फसाल. घटस्थापना २०२४ ला ३ ऑक्टोबरला होती, २०२५ ला २२ सप्टेंबरला. म्हणजे पुराच्याच महिन्यात तुळजापूरची नवरात्राची गर्दी आली. सप्टेंबरला सप्टेंबर लावलात तर पुरात पर्यटन वाढलं असं निघेल. तिथीला तिथी लावा. नवरात्र, कोजागिरी, कार्तिकी आणि मधले साधे शनिवार-रविवार वेगळे काढा. खरा फरक त्या साध्या दिवसांतच दिसेल, कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारा सोलापूरकर पावसाला विचारत नाही. भक्तनिवासाच्या खोल्या, एसटीचं भारमान (गाडीतल्या किती जागा भरल्या ते), जमलं तर प्रसादाच्या दुकानांची विक्री, एवढं बास.

धागाकर्ती : दोघांचे आभार. भाऊ आधी कुरकुरला, आता पुरावर आलाय. पण भारमानाचे आकडे डेपोत कुणी देईना, साहेबांना विचारा म्हणतात.

बाळीवेस : माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. मार्ग आणि तारखा नेमक्या द्या, आणि अर्ज आजच टाका.